आईंच्या हातावरचं पाणी

दिपमाला सगळ्यांना आवडते. तिच्याविषयी लिहायला बसलं की पहिली अडचण हीच येते.

ती माझी देरानी, म्हणजे धाकटी जाऊ. आमच्या खानदेशात थोरलीला जेठानी म्हणतात आणि धाकटीला देरानी. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी वहीत चार ओळी लिहिते, लग्न झाल्यापासूनचा नेम आहे. गेल्या वर्षीची वही सहज चाळली तर देवाच्या नावाखालोखाल हिचंच नाव. तेव्हा म्हटलं, एकदा नीट बसून लिहूनच काढावं.

ती रावेरकडची, केळीवाल्यांची पोर. तिचे वडील जीवरामभाऊ यांचा मोठा मळा आहे. ही शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकून ठिबकच्या नळ्यांमागे फिरायची. कुठल्या केळीला पाणी जात नाही ते बघायचं, नळीचं भोक सुईने मोकळं करायचं, फिल्टर उघडून धुवायचा. पुढे कॉलेज केलं, पण हाताची ती खोड गेली नाही. लग्न होऊन आमच्या दोंडाईच्याच्या घरी आली त्या वर्षी पहिल्यांदा मिक्सर उघडून बसली. मी देवघरात होते. बाहेर येऊन बघते तर बाई ओसरीवर फतकल मारून, मांडीवर मिक्सर, तोंडात स्क्रू. आई, म्हणजे आमच्या सासूबाई सुंदरबाई, समोर बसून कौतुकाने बघत होत्या. मी त्या घरात इतकी वर्षं पुरणपोळ्या लाटल्या, मांडे केले, तेव्हा आई कधी समोर येऊन बसल्या नव्हत्या.

मिक्सर चालू झाला. घरातले सगळे हसले. मीही हसले.

तिला देवाधर्माचं फारसं नाही. म्हणजे नाही असंही नाही. आरतीला येऊन उभी राहते, टाळ्या वाजवते, पण मन दुसरीकडे. एकदा श्रावणात कानबाईच्या रोटांच्या दिवशी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, सोवळ्यातल्या पाण्याला हात लावला आणि मी बोलले तर म्हणाली, "चुकलं अक्का, दुसरं भरून आणते न." भरूनही आणलं. राग धरत नाही, रुसत नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भांडायला समोरचं माणूस थोडं तरी वाईट लागतं.

मूलबाळ झालं नाही तिला. खरं सांगायचं तर मला तिची दया यायची आणि ती दया मला बरी वाटायची. मला दोन मुलगे, सून येऊ घातलेली, देवघर माझ्या हातात. तिच्याकडे काय होतं? नवऱ्याचं, म्हणजे भूपेंद्रभाऊंचं, मोटारींच्या वायरिंगचं दुकान आणि तिचा तो स्क्रूड्रायव्हर. मी मनातल्या मनात तिचं माप काढून ठेवलं होतं आणि त्यात मी सुखी होते.

माझ्याकडे आणखी एक गोष्ट होती. आई.

आईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्यांचा उजवा हात निकामी झाला. डाव्यात तांब्या धरला तर थरथरतो, पाणी सांडतं. तेव्हापासून त्यांच्या हातावर पाणी घालायचं काम माझं. उठल्यावर तोंड धुवायला, पूजेआधी, जेवणाआधी, जेवणानंतर, मोरीतून आल्यावर. मी तांब्या तिरका करायचा, आईंनी डाव्या हाताने उजवा चोळायचा. शेजारच्या शेवंताबाई म्हणायच्या, अशी सून मिळायला नशीब लागतं. गल्लीत माझं नाव होतं. दिपमालाने एकदोनदा तांब्या घेऊ पाहिला, मी दिला नाही. म्हटलं, तुला जमायचं नाही, तू धार फार मोठी सोडतेस.

आईंची एकच इच्छा बाकी होती, नर्मदामाईची परिक्रमा. नदी उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता, एका काठाने जायचं आणि दुसऱ्याने यायचं. पायी करणं आता शक्यच नव्हतं. यात्रा कंपन्यांच्या बस जातात आमच्याकडून, मी एका ठिकाणी बोलूनही ठेवलं होतं. मी आणि आई. त्यांची परिक्रमा माझ्या हातून व्हावी, हे माझं ठरलेलं होतं. पण आई दर वेळी टाळायच्या. बसमध्ये सारखं उतरावं लागेल, माझ्यासाठी सगळे खोळंबतील, रस्त्यात तू माझ्यासाठी कुठे कुठे आडोसा शोधशील, असं म्हणायच्या. मी म्हणायचे, मी आहे ना. त्यावर त्या विषय बदलायच्या.

मग घरगाडी आली.

भूपेंद्रभाऊंनी एक जुनी शाळेची ट्रॅव्हलर गाडी विकत घेतली. वर्षभर ती दारात उभी होती आणि नवरा-बायको रोज संध्याकाळी तिच्या पोटात शिरलेले. सीट काढल्या, पलंग बसवले, ओटा केला, छोटं संडास-बाथरूम केलं. यात्रेकरूंना भाड्याने द्यायची असा त्यांचा बेत होता. लाकूडकाम सुताराने केलं, वायरी भूपेंद्रभाऊंनी ओढल्या, पण पाण्याचं सगळं दिपमालाने. पलंगाखाली टाकी, टाकीजवळ ओंजळीत मावेल एवढा पंप, तो गाडीच्या बॅटरीवर चालतो. नळ उघडला की पंप आपोआप फिरतो, बंद केला की थांबतो.

ज्या दिवशी ते पुरं झालं त्या दिवशी तिने आईंना हाताला धरून आत नेलं. नळाला तिने मुद्दाम लांब दांडीची तोटी बसवली होती, दवाखान्यात डॉक्टर लोकांच्या बेसिनला असते तशी. आईंनी कोपराने दांडी ढकलली. पाणी आलं. आईंनी हात खाली धरले, चेहऱ्यावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. पदर भिजला तरी थांबेनात. मग कोपरानेच नळ बंद केला आणि वळून हसल्या. तोंड जरा वाकडं झालंय त्यांचं झटक्यापासून, त्या वाकड्या तोंडाने हसल्या. मी दारात तांब्या घेऊन उभी होते, सवयीने आणला होता.

त्याच संध्याकाळी आईंनी सांगून टाकलं, परिक्रमेला जायचं ते या गाडीतून. आणि एक अटही घातली. आई अहिराणीच बोलतात. म्हणाल्या, "नळ चालना ते मी येसू. माईना काठवर कोन्ही मन्हा हातवर पानी वतानं नही." नळ चालला तर मी येईन, नर्मदामाईच्या काठावर कुणी माझ्या हातावर पाणी घालायचं नाही.

सगळ्यांनी ते दिपमालाच्या कौतुकाचं धरलं. मला ते माझ्यासाठीच म्हटल्यासारखं लागलं. त्या रात्री वहीत मी फक्त तिथी लिहिली.

जायचं ठरलं होळी झाल्यावर. चौघं: आई, मी, दिपमाला आणि गाडी चालवायला भूपेंद्रभाऊ. आमचे हे भावाचं दुकान सांभाळायला मागे राहणार होते. मी नाही म्हणू शकले असते, पण मग आईंची परिक्रमा तिच्या एकटीच्या नावावर झाली असती.

यंदा नेमकं होळीच्या पुनवेला ग्रहण आलं. नळाला पाणीही त्याच दिवशी आलं, म्हणून दिपमालाने सकाळीच गाडीची टाकी गच्च भरून ठेवली आणि बाजारात गेली. दुपारी वेध लागायच्या आधी मी घरातल्या सगळ्या पाण्यात तुळशीचं पान टाकत फिरत होते, रांजणात, हंड्यात, माठात, दुधाच्या पातेल्यात. ग्रहणात पाण्यावर तुळस नसली तर ते पाणी फेकून द्यावं लागतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. आई ओट्यावरून म्हणाल्या, गाडीतल्या टाकीतही टाक, माईच्या वाटेवरचं पाणी आहे. टाकी भरायचं तोंड गाडीच्या बाहेरच्या बाजूला आहे, झाकण फिरवलं की उघडतं. घागरीला एक पान, माठाला एक पान. टाकी एवढी मोठी म्हणून मी मंजिऱ्यांसकट मूठभर तुळस आत सोडली. दिपमालाला सांगितलं नाही. ती नाही म्हणाली नसती, पण हसली असती.

धुळवड झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडून निघालो. शिंदखेडा, अमळनेर करत चोपड्याकडून जायचं, संध्याकाळी दिपमालाच्या माहेरी रावेरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरवरून ओंकारेश्वर. तिथे संकल्प सोडला की परिक्रमा सुरू. संकल्प सोडल्यावर मागे फिरता येत नाही. माहेरावरून जाणारा रस्ता तिने बरोबर निवडला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. गाडी बघायला अख्खं गाव जमणार आणि ही दारात उभी राहून नळ उघडून दाखवणार.

अमळनेरला आई एकदा गाडीतल्या मोरीत जाऊन आल्या, तेव्हा नळ नीट चालला. चोपडा ओलांडल्यावर दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाल्या. अडावदच्या अलीकडे आईंनी पुन्हा गाडी थांबवायला सांगितली. भूपेंद्रभाऊंनी कडुनिंबाच्या सावलीला गाडी घेतली. आई आत गेल्या. जरा वेळाने हाक आली, पण मला नाही, दिपमालाला.

नळाला पाणी एक क्षण आलं, फुसफुसलं आणि गेलं. पंप मात्र फिरतच होता, घुर्र, घुर्र, कोरडा.

मी चारचौघांत म्हणणार नाही, पण इथे लिहिते: माझ्या आतून काहीतरी गार गार उतरलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पिताना उतरतं तसं.

दिपमालाने आधी पंपाचं बटण बंद केलं. कोरडा फिरला तर जळेल म्हणाली. टाकीतलं पाणी दाखवणारा काटा बघितला, पाणी भरपूर होतं. मग ओट्याखालची फळी काढून आडवी झाली, कान पंपाला लावून. मला म्हणाली, "अक्का, तुम्ही फक्त नळापाशी उभ्या राहा. उघडा म्हटलं की उघडा, बंद म्हटलं की बंद." म्हणजे मी तिच्या हाताखाली.

उघडला. पाणी आलं, चांगलं जोरात आलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. तोवर फुस्स, पुन्हा गेलं. बंद केला, जरा थांबून उघडला, पुन्हा थोडं आलं आणि गेलं.

भूपेंद्रभाऊ म्हणाले, वायर कुठेतरी ढिली झाली असेल, खड्डे काय कमी आहेत.

"वायर ढिली असती तर मोटर थांबली असती. ती तर फिरतेय. तुम्ही स्टेअरिंग सांभाळा, बाकी माझ्याकडे द्या."

"बरं बाई, तुझं राज्य," असं म्हणून ते कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले.

मग तिचं सुरू झालं. एकेक गोष्ट बाजूला काढत जायची तिची पद्धत आहे, घाई नाही. पंपाच्या तोंडाशी एक छोटी गाळणी असते, काचेसारख्या वाटीत. ती फिरवून उघडली. स्वच्छ. नळीच्या क्लिपा आवळल्या. मग माझ्याकडून ओला फडका घेऊन प्रत्येक सांध्याला गुंडाळून बघितला. सांध्यातून हवा खेचत असेल तर ओल्या फडक्याने ती अडते आणि पंपाचा आवाज बदलतो, असं म्हणाली. आवाज बदलला नाही. कपाळावरून घाम गळत होता, अंगावरचा नवा ड्रेस ग्रीसने काळा झाला होता. आई पलंगावर बसून सगळं बघत होत्या.

मी नळ उघडत होते आणि बंद करत होते. उघडला की थोडं पाणी येतं, मग खुंटतं. बंद करून थांबलं की पुन्हा थोडं येतं. असं कितीदा झालं आणि मला एकदम महादेवाची गळती आठवली.

सोमवारी मी पिंडीवर अभिषेकाची गळती लावते. तांब्याचं भांडं, बुडाला बारीक भोक, थेंब थेंब पाणी पडतं. कधी कधी भांड्यात बेलाचं पान नाहीतर फुलाची पाकळी पडते. ती तरंगत तरंगत खाली जाते आणि भोकावर बसते. धार खुंटते. बोटाने हलवलं की पान बाजूला होतं, धार सुरू. पुन्हा ओढीने येऊन बसतं, पुन्हा खुंटते.

टाकीत मूठभर तुळस होती. पंप ओढतो तेव्हा पान नळीच्या तोंडाला चिकटतं. पंप थांबला की सुटतं.

मला कळलं होतं. मी नळ बंद केला आणि गप्प राहिले.

का, ते सांगणं अवघड नाही. नळ चालला नाही तर आई येणार नाहीत, हे त्यांनीच सांगितलं होतं. गाडी मागे फिरेल. रावेरला कोणी जमणार नाही. पावसाळ्यानंतर मी बसचं पुन्हा बोलेन, मी आणि आई. आणि घरी गेल्यावर सगळं पहिल्यासारखं. हे मी काही ठरवून मांडलं नाही, ते मनात आधीच मांडलेलं होतं, मी फक्त गप्प राहिले. तोंडाने नामस्मरण चालू होतं, तेही थांबलं नाही.

दिपमालाने शेवटची परीक्षा केली. टाकीकडून येणारी नळी पंपापासून काढली, दुसरी नळी जोडली आणि तिचं टोक पिण्याच्या कॅनमध्ये सोडलं. मला उघडा म्हणाली. पाणी धो धो आलं आणि येतच राहिलं. पंप चांगला, पुढचं सगळं चांगलं. दोष टाकीच्या आत.

ती मागे टेकून बसली. मग हळू आवाजात म्हणाली, टाकीत वरून एक नळी बुडापर्यंत सोडली आहे, ती आत तडकली असेल, हवा ओढत असेल. टाकीचं झाकण कारागिराने पक्कं चिकटवून दिलंय. ते इथे फोडलं तर पुन्हा बसणार नाही, सगळं पाणी पलंगाखाली सांडेल. टाकी बाहेर काढायला हवी. ते रस्त्यावर होत नाही.

भूपेंद्रभाऊ म्हणाले, मग रावेरला जाऊन करू. ती म्हणाली, टाकी करणारा धुळ्याला आहे. रावेरला असा कोण सापडायचा?

आई म्हणाल्या, "आते घर चाला."

दिपमालाने मान वर केली नाही. म्हणाली, बादलीने करू आई, मी घालेन पाणी, परिक्रमा थांबवायची कायले? आई म्हणाल्या, नको. बास, तेवढंच. त्या आवाजात त्या एकदा बोलल्या की आमचे हेसुद्धा पुढे बोलत नाहीत.

गाडी वळवायच्या आधी आईंना पुन्हा जावं लागलं. मी बादलीत कॅनमधलं पाणी काढलं, त्यांना आत नेलं, बाहेर आणलं आणि गाडीच्या पायरीवर बसवलं. तांब्या घेतला, तिरका केला. बारीक धार, अगदी त्यांना लागते तशी. आईंनी डाव्या हाताने उजवा चोळायला सुरुवात केली आणि मान फिरवली.

पाणी पडत होतं आणि त्या केळीच्या मळ्याकडे बघत होत्या. मळ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. घरी मोरीत भिंत असते, तिकडे बघायच्या. जेवायच्या वेळी दाराकडे. मला वाटायचं, म्हातारं माणूस, बघत असेल कुठेतरी. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी हातावर पडणाऱ्या पाण्याकडे बघितलं नव्हतं, माझ्याकडेही नाही. गाडीतल्या नळाखाली मात्र त्या आपल्या हातांकडे बघत होत्या, उलटे करून, सुलटे करून.

तांब्या रिकामा झाला. मी तो तसाच हातात धरून आत गेले. दिपमाला अवजारं पिशवीत भरत होती.

मी म्हटलं, "टाकीत तुळस आहे."

तिला आधी समजलं नाही. मी ग्रहणाचं सांगितलं, मूठभर टाकल्याचं सांगितलं आणि गळतीचंही सांगितलं, पान भोकावर कसं बसतं ते. ते मला कधी सुचलं हे सांगितलं नाही. मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

ती हसायलाच लागली. पोट धरून. म्हणाली, "अक्का, मूठभर? मंजिऱ्यांसकट?"

बाहेरून आई म्हणाल्या, "तिले काय हसस? मीच सांगेल व्हतं."

आता उपाय सोपा होता. टाकीच्या बुडाशी, गाडीखाली, टाकी रिकामी करायचा मोठा कॉक आहे. तो उघडला तर पाण्याबरोबर पानं वाहून जातील. नळी तडकलेली असती तर त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून तिने इतका वेळ त्याला हात लावला नव्हता. पण सगळं पाणी सोडावं लागणार होतं, घरचं, ग्रहणातून तुळस टाकून राखलेलं. तिने आईंना विचारलं. आईंनी माझ्याकडे बघितलं, जणू ते पाणी माझं होतं. मग म्हणाल्या, "सोडी दे बठ्ठं." सगळं सोडून दे.

केळीच्या मळ्याचा मालक तेवढ्यात बांधावर आला होता, काय चाललंय बघायला. त्याने पाणी वाया नको म्हणून फावड्याने माती ओढून पाण्याचा पाट केळीच्या बुंध्याकडे वळवला. दिपमाला गाडीखाली गेली. कॉक उघडला आणि पाणी पडायला लागलं, त्यात काळी पडलेली तुळशीची पानं, मंजिऱ्या, एकमेकांना चिकटलेले गोळे. मालक म्हणाला, "हे काय, काढा करत होते का टाकीत?" भूपेंद्रभाऊ इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी पदराने तोंड पुसलं.

टाकी दोनदा धुतली. मालकाने विहिरीवरची मोटर चालू करून नळी दिली, टाकी भरली. पैसे देऊ केले तर म्हणाला, माईच्या वाटेवरच्या लोकांकडून घेत नाही, आमच्या नावाने एक दिवा सोडा. दिपमालाने चहाची बारीक जाळीची गाळणी पाण्याच्या तोंडाशी धरली होती, विहिरीच्या पाण्यातलं शेवाळसुद्धा आत जाऊ नये म्हणून. मला म्हणाली, "आता तुळस टाकायची तर टाका अक्का, पण माझ्या देखत." मी म्हटलं, ग्रहण संपलं.

मग नळ उघडायला तिने आईंना बोलावलं. मला नाही. आईंनी कोपराने दांडी ढकलली. पाणी आलं, राहिलं, थांबलं नाही. आईंनी हात धुतले, तोंड धुतलं, चष्मा धुतला. मग नुसते हात धरून उभ्या राहिल्या.

"चाला," त्या म्हणाल्या, "पुढे चाला."

रावेरला पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. मला वाटलं होतं तसंच झालं, अंगण भरलेलं. जीवरामभाऊ काठी टेकत पुढे आले. दिपमालाने पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या आणि तिने गाडी बिघडल्याची गोष्ट सुरू केली. मी एका बाजूला आईंची पिशवी घेऊन उभी होते. मला खात्री होती, तुळशीचं सांगणार आणि सगळे हसणार.

तिने तुळशीचं सांगितलं, पण असं की, टाकीत काहीतरी गेलं होतं आणि मला काही सापडेना, मी तर गाडी परत वळवायला निघाले होते, पण आमच्या अक्कांनी पकडलं. महादेवाच्या गळतीवरून पकडलं. मी एवढी शिकलेली, मला सुचलं नाही. गळतीचं तिने हातवारे करून सांगितलं, पान कसं तरंगत येतं, कसं बसतं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. आणि तुळस कुणी टाकली ते सांगितलंच नाही.

कौतुक तिचं होतं, ते तिने उचलून मला देऊन टाकलं, पानाचा विडा द्यावा तसं. आधी मिक्सर, मग गाडी, मग आई, आणि आता हा मोठेपणाही तिचाच. तिच्या जागी मी असते तर दिलं नसतं. नसतंच दिलं, कारण रस्त्यात मला कळलं होतं तेही मी दिलं नव्हतं. गप्प उभी होते आणि नळ उघडत होते, बंद करत होते. तिला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तिने हेच केलं असतं, अशी मला शंका आहे, आणि तिचा राग मला त्या शंकेपायीच जास्त आला.

जीवरामभाऊ माझ्याकडे वळले. त्यांच्या बोलीत म्हणाले, "तुम्हीच पकडलं म्हनता, अक्का?"

दिपमाला माझ्याकडे बघून हसत होती.

"हो," मी म्हटलं.

बायका मला आत घेऊन गेल्या, पाट मांडला, केळीचे वेफर पुढे केले, गळती कसली आणि कुठल्या देवळातली ते विचारू लागल्या. मी सांगत होते. अंगणात गाडीचं दार उघडं होतं. जेवणाआधी हात धुवायला आई आत गेल्या होत्या. पंप चालू झाला, थांबला, पुन्हा चालू झाला. मी बोलता बोलता थांबून ऐकलं. कुणी मला हाक मारली नाही.